वाडीत गेला की आऊट

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली आहेत. विहिरी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध, मैदानं गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध, आठवड्यातून दोनदा नळ सोडून वर उपकार केल्यासारखं बोलणाऱ्यांविरुद्ध. छापखान्यात जायच्या आधी स्वतःच्या हातानं फाडलेलं पत्रक मात्र एकच. ते दहावीतल्या एका मुलीच्या बॅटिंगबद्दल होतं. हसू नका. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि जगातली कुठलीही अडचण एका पानात मावते असं मला ठाम वाटायचं. वर ठळक मथळा, मध्ये शत्रू, खाली तीन मागण्या, शेवटी 'जागे व्हा'. त्या मुलीचे आणि तिच्या आजोबांचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून हे लिहिते आहे. आभाराचं पत्रक कसं लिहितात ते मला कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा जमेल तसं.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. वसईतल्या एका शाळेच्या मैदानाचा अर्धा भाग शेजारी उठणाऱ्या इमारतीच्या रेतीनं आणि खडीनं अडवला होता. कुणी विचारलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती, ढीग आपला बसला होता. उरलेल्या अर्ध्यात मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ सराव करायचा. मी त्या ढिगाविरुद्ध सह्या गोळा करायला गेले होते. शाळेचे पीटीचे सर, जे चित्रकलाही शिकवायचे आणि दोन्ही विषय एकाच शिट्टीवर चालवायचे, त्यांनी सही केली आणि माझा हात धरूनच ठेवला.

"सही फुकट मिळत नसते," ते म्हणाले. "तू कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलीयस ना? ती लांब वेणीवाली बघ. फेकते झकास, धावते झकास. बॅट हातात आली की बॉल जमिनीत पुरते."

मी बघितलं. समोरून अर्नाळ्याची एक मुलगी चेंडू टाकत होती. कोळ्यांच्या घरातली, दणकट खांद्यांची, सॉफ्टबॉलच्या रीतीप्रमाणे खालून हात फिरवून टाकायची, पण चेंडू सुसाट यायचा. लांब वेणीवालीनं बॅट फिरवली. आवाज छान आला. आणि चेंडू तिच्या पायापुढे दोन हातांवर आपटून टप्पे खात थेट क्षेत्ररक्षक मुलीच्या हातात गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"आनखी दोन मार," अर्नाळ्याची ओरडली, "पानी लागंल! बोअरिंगवाल्याला सांगू नको, त्याचा धंदा बसंल."

सगळ्या हसल्या. वेणीवालीही हसली, पण बॅटकडे बघत.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यात जमिनीवरून सरपटत गेलेला चेंडू कुणीतरी उचलतं, पहिल्या बेसवर फेकतं, आणि तो तुमच्या आधी तिथं पोचला की तुम्ही बाद. म्हणजे ती मुलगी कितीही जोरात मारो, बादच व्हायची. जिल्ह्याच्या निवडीला ती दोनदा ठाण्याला जाऊन हात हलवत परत आली होती. आता तिसरी खेप, चार आठवड्यांवर. पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. शाळेची बॅट शाळेत जमा करावी लागणार होती. ती बॅट तरी काय, अख्ख्या संघात एक, मुठीवरची पट्टी निघालेली, सरांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून चालती ठेवलेली. मुलांच्या क्रिकेटच्या पेटीत तेव्हा सहा बॅटी होत्या. मी मोजल्या होत्या. हेही एका पत्रकात आहे.

"घरचे काय म्हणतात?" मी मुलीला विचारलं.

"आजोबा म्हणतात, यंदाचं शेवटचं. नाही झालं तर मग अभ्यास आणि वाडी."

तिचे वडील मुंबईत नोकरीला जात, घरात शब्द आजोबांचा. गिरीजला त्यांची वाडी, केळी-नारळाची आणि भाजीची. माझ्या डोक्यात त्याच क्षणी मथळा तयार झाला. शत्रू सापडला होता.

आधी मात्र कामाला लागले. माझे बाबा वालीवच्या एका छोट्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी जाड लोखंडी पत्र्यावर पाइप उभा वेल्ड करून दिला, त्याच्या टोकाला मोटारीच्या रेडिएटरचा रबरी नळा. नळ्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. अर्नाळ्याच्या मुलीनं घरून मासेमारीचं जुनं जाळं आणलं. दोन खांबांना ते बांधलं की त्यात कितीही मारा, चेंडू शोधायला नको. दोन दिवस जाळ्याला सुकटीचा वास येत होता आणि एक मांजर सरावाला नियमित हजर होतं.

मी शिकवायला लागले. पाय खांद्याइतके फाकव. वजन मागच्या पायावर. आधी कंबर फिरव, मग हात. बॅट कुऱ्हाडीसारखी वरून खाली आणू नकोस, आडवी ने. चेंडू लागल्यावर थांबू नकोस, बॅट पार दुसऱ्या खांद्यापर्यंत जाऊ दे.

आणि चमत्कार असा, की नळ्यावरचा चेंडू ती जाळ्यात तस्साच मारायची. सरळ, आडवा, छातीच्या उंचीवर. जाळं मागे ताणलं जायचं. तीस चेंडूंत तीस. मी सरांकडे बघून भुवया उडवल्या. मग जाळं सोडलं, अर्नाळ्याच्या मुलीला चेंडू टाकायला उभं केलं, समोर मोकळं मैदान. पहिला चेंडू, बॅट वरून खाली, जमिनीत. दुसरा, जमिनीत.

"हिला जाळ्यातच पाठवा ठाण्याला," अर्नाळ्याची म्हणाली. "पापलेटांसोबत."

असे आठ दिवस गेले. जाळ्यात फटके, मोकळ्यावर खड्डे. मग मला उमगलं. म्हणजे मला वाटलं, उमगलं. ही मोकळ्या जागेला घाबरते! आणि का घाबरते? मी तिला रेतीच्या ढिगावर बसवलं आणि तासभर बोलले. मुलींना लहानपणापासून मान खाली घाल, आवाज खाली ठेव, नजर खाली ठेव असं शिकवतात. तू तेच करतेस, बॅट खाली घालतेस. तुला दूर मारायची परवानगी कुणी दिलीच नाही. परवानगी मागू नकोस! वगैरे. मी चांगली बोलते, हे मला माहीत आहे. माझ्याच अंगावर काटा आला.

ती शांतपणे ऐकत होती. "हो ताई," म्हणाली. मग घड्याळ बघून, "ताई, पाच वाजले. वाडीत पाणी लावायचंय. जाऊ?"

आणि ती गेली. रोज पाचला जायची. निवड तीन आठवड्यांवर आणि पोरगी पाणी लावायला! त्या रात्री मी पत्रक लिहिलं. मथळा, 'खांदे वर करा!'. त्यात 'एक गुणी खेळाडू' होती, आणि 'तिच्या पंखांवर पाय देऊन उभे असलेले वडीलधारे' होते. शेवटच्या वाक्याला तीन उद्गारचिन्हं. छापखान्यात द्यायच्या आधी ते वडीलधाऱ्यांच्या तोंडावर वाचून दाखवायचं, असं मी ठरवलं. माणसाच्या पाठीमागे छापायचं नाही, हा आम्हा पत्रकवाल्यांच्या समितीचा नियम होता. ह्या नियमाचेही आभार.

रविवारी सकाळी सायकल काढून गिरीजला गेले. वाडीत शिरताना आधी आरडाओरडा ऐकू आला. घरापुढे शेणानं सारवलेलं लांबट अंगण, दोन्ही बाजूंना केळी, टोकाला भाजीचे वाफे आणि विहीर. अंगणात सातआठ चुलत-आतेभावंडं क्रिकेट खेळत होती. झावळीच्या जाड बुंध्याची तासलेली बॅट, रबरी चेंडू. एका लहान्यानं चेंडू उंच उडवला, तो केळीत गडप झाला, आणि सगळे एका सुरात ओरडले, "आऊट! वाडीत गेला, आऊट!"

लहाना रडकुंडीला आला. "थोडासाच गेला!"

"थोडा काय नि फार काय. वाडीत गेला की आऊट. आण आता तूच."

मग बॅट हिच्या हातात आली. मी केळीच्या आडोशाला उभी होते, हातात पत्रकाची घडी. तिनं पहिलाच चेंडू बॅट वरून खाली आणत जमिनीत दाबला. चेंडू दोन भावांच्या मधून सरपटत पार पायरीपर्यंत गेला. पळ, पळ! दोन धावा. पुढचा डावीकडून, जिथं कुणीच नव्हतं. पुढचा एकाच्या दोन पायांमधून. तिथं तिला बाद करणारं कुणी जन्माला आलं नव्हतं. अर्धा तास ती खेळत होती, आणि एकही चेंडू गुडघ्याच्या वर गेला नाही.

माझ्या हातातली घडी घामानं ओली झाली. जाळ्यात चेंडू हरवत नाही, म्हणून जाळ्यात ती बिनधास्त मारायची. पुढे मोकळं दिसलं की तिच्या हाताला केळी दिसायची. पाच-सहा वर्षांची असल्यापासून, रोज. आणि मी तिला तासभर काय सांगत बसले होते!

आजोबा विहिरीवर होते. सडपातळ, टोपीवाले, हातात खुरपं. तिनं ओळख करून दिली. मी मनात तयार केलेलं भाषण विसरून एवढंच म्हटलं, "आजोबा, तुमच्या ह्या नियमानं हिची बॅटिंग बिघडलीये."

वाटलं, आता भांडण. ते खुरपं पुसत म्हणाले, "नियम हिच्या बापाच्या वेळचा. बाप पण असाच मारायचा, खाली खाली. का, वाईट मारते?"

"चांगली मारते. पण आमच्या खेळात तसं मारलं की बाद."

"आणि कसं मारायचं?"

मी हात केला, विहिरीच्या पलीकडे, नारळांच्या रांगेकडे. "तिथवर."

ते हसले. "बाय, बॉलनं केळीचं काय बिघडत नाही. एखादं पान फाटेल, फाटलेलं पान बाजारात कोण घेत नाही, ते एक सोड. नुकसान करतात ते बॉल शोधायला जाणारे पाय. एक बॉल, सहा पोरं, बारा पाय, आणि वाफ्यातलं रोप बोटाएवढं."

मग ते नातीकडे वळले. "तू सांगितलं नाहीस हे? ताईला?"

"मला कुठं माहीत होतं," ती म्हणाली. आणि खरंच, तिला कुठून माहीत असणार? आपण जमिनीकडे मारतो हे तिला दिसत होतं. का मारतो, हे विचारायचं काम माझं होतं, आणि मी विचारण्याऐवजी सांगत सुटले होते.

आजोबांनी खुरपं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. मग पूर्वेकडच्या तुकड्याकडे बोट दाखवलं. तिथले घड उतरवून झाले होते, जुनी खुंटं तोडायची होती, नवे कंद लावायला अजून महिना होता. "तिकडे मार," म्हणाले. "तीन आठवडे नियम उलटा. वाडीत गेला नाही, तर आऊट."

पोरांमध्ये जो गोंधळ माजला! एक जण म्हणाला, "आजोबा, असं चालत नाही, नियम म्हणजे नियम!" रडवेला लहाना म्हणाला, "मग माझी मघाची आऊट परत घ्या."

"आणि बॉल कोण आणणार?" मी विचारलं.

"मी आणीन. माझे पाय वाट ओळखतात."

मला वाटलं, बोलतायत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी मी चार चेंडू घेऊन पोचले, तर आजोबा टोपली घेऊन त्या तुकड्याच्या मधोमध उभे. रोज सकाळी पाऊण तास उभे राहायचे. बाजारात माल पाठवायची वेळ तीच, तो मोठ्या काकाच्या गळ्यात घातला. आणि संध्याकाळचं पाणी? ते मात्र तीच लावायची, पाचच्या ठोक्याला. मी त्याबद्दल तोंड उघडलं नाही. तिला ते आवडायचं, हे मला नंतर कळलं. पाटातून पाणी वळवताना ती दिवसभराचं अर्नाळ्याच्या मुलीचं बोलणं आठवून एकटीच हसायची.

पहिले दोन दिवस एकही चेंडू उडाला नाही. आजोबा टोपली घेऊन उभे, टोपली रिकामी. मी चेंडू टाकत होते आणि टाकता टाकता तोंड चालूच होतं, कंबर, कोपर, खांदा.

"ताई," ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रागावू नका. तुम्ही बोलू नका ना थोडा वेळ. तुमचं बोलणं ऐकू की बॉल बघू?"

आयुष्यात मला गप्प बस म्हणणारे पुष्कळ भेटले आहेत. त्यांच्यातल्या एकाचंही मी ऐकलेलं नाही. हिचं ऐकलं. तोंड मिटून चेंडू टाकला. तिनं बॅट आडवी नेली आणि चेंडू असा उठला की मी मान वळवेपर्यंत आजोबांच्याही डोक्यावरून गेला आणि पलीकडच्या, उभ्या केळीत घुसला. चर्रर्र आवाज आला. एक भलंमोठं कोवळं पान मधोमध फाटून लोंबलं.

तिनं बॅट खाली टाकली. आजोबा चालत त्या केळीपाशी गेले, पान बघितलं, कोयत्यानं देठापाशी छाटलं आणि खांद्यावर टाकून आले.

"आज ताईच्या जेवणाला पान झालं," म्हणाले. "चल, पुढचा."

त्या दिवशी मी त्या फाटक्या पानावर त्यांच्याकडे जेवले. भात, केळफुलाची भाजी, लोणचं. आमटी चिरेतून सारखी पळत होती आणि पोरं ती अडवायच्या युक्त्या सांगत होती. घरी येऊन मी 'खांदे वर करा!' फाडलं. ढिगाविरुद्धचं पत्रक छापलं. ते बरोबर होतं, आजही म्हणते, आणि तो ढीग ज्यांनी टाकला त्यांना मैदान शाळेला परत द्यायला लागेस्तोवर आम्ही सोडलं नाही.

ठाण्याला निघायच्या सकाळी आजोबांनी मला एकच विचारलं, "तिथं पलीकडं काय असतं?"

"काही नाही. रिकामं मैदान."

"ऐकलंस गो?" ते नातीला म्हणाले. "तिथं कुणाचं पीक नाही."

निवडीत प्रत्येकीला दहा चेंडू. कुंपणाबाहेर मी आणि सर. तिच्या आधीच्या मुलीनं चांगले मारले. हिची पाळी आली. खाकी टोपीतले निवड करणारे दोघे, एकाच्या हातात वही. पहिला चेंडू, जमिनीत. वहीवाल्यानं काहीतरी लिहिलं. दुसरा, जमिनीत. सरांनी तोंडातली शिट्टी चावली. माझ्या घशाशी अख्खं पत्रक आलं होतं, कंबर, कोपर, खांदा, अन्याय, सगळं. ते गिळलं आणि ओरडले, "तिथं कुणाचं पीक नाही!"

दोघं निवडवाले वळून माझ्याकडे बघायला लागले. कुणाला काही कळलं नाही. ती मात्र हसली. मोठ्यानं, खांदे हलवून हसली, आणि हसता हसताच तिनं पाय फाकवले. तिसरा चेंडू आडवा सुटला, सगळ्यांच्या मधून, सगळ्यांच्या वरून, आणि शेवटच्या मुलीच्या मागे जाऊन पडला. तिथून पुढे एक चुकला, एक जमिनीत गेला, आणि बाकीचे पाच लांब गेले.

"बाई, तुम्ही शांत राहा," वहीवाला मला म्हणाला. मी राहिले.

आठ दिवसांनी यादी लागली. सोळा जणींत तेरावं नाव तिचं. सरांनी ती यादी फळ्यावर स्वतःच्या चित्रकलेच्या अक्षरात उतरवली आणि तेराव्या नावाभोवती वेलबुट्टी काढली. अर्नाळ्याच्या मुलीचं नाव तिसरं होतं, तिनं वेलबुट्टीवरून दोन दिवस भांडण केलं.

मी पेढे घेऊन गिरीजला गेले. पूर्वेच्या तुकड्यात खुंटं निघून गेली होती, ताजी माती, नवे कंद नुकतेच लावलेले. अंगणात खेळ चालू होता. हिच्या हातात झावळीची बॅट. लहान्यानं चेंडू टाकला, आणि हिनं तो आडवा, छान, पूर्ण खांद्यापर्यंत बॅट नेत त्या नव्या मातीच्याही पलीकडे, केळीत घातला.

"आऊट!" सात जण ओरडले. "वाडीत गेला, आऊट!"

"अरे, पण उलटा नियम होता ना! ताई, सांगा ना ह्यांना!"

"उलटा नियम संपला," आजोबा पायरीवरून म्हणाले. "कंद लावले. आऊट म्हणजे आऊट." मग माझ्याकडे बघून, "आणि हा फटका हिला शिकवला कोणी? ज्यानं शिकवला, त्यानं बॉल आणायचा."

पोरांनी टाळ्या पिटल्या. मी पेढे पायरीवर ठेवले, चपला काढल्या आणि केळीकडे निघाले.

"सरीतून चल, बाय," ते मागून सांगत होते. "वाफ्यावर पाय नको. डावीकडं. अजून डावीकडं. हां, आता सरळ."